तुम्ही विचारलंत म्हणून: दात सरळ असताना जबडा कशाला रुंद केला?

दात तर छान सरळ होते, मग या वयात जबडा रुंद करून घ्यायची काय गरज होती? हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्या वेगवेगळ्या सुरात विचारलाय की आता प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच मला कळतं काय येणार आहे. काळजीनं विचारणारे आहेत, दिसण्यासाठी एवढं कोण करतं असं न बोलता सुचवणारे आहेत, आणि हल्ली डॉक्टरनी स्वतःलाच हे सांगितलंय म्हणून धास्तावून विचारणारेही आहेत. प्रत्येक वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि नंतर माझीच चिडचिड होते कारण ते दोन वाक्यांत बसतच नाही. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

तुम्ही बघताय ते माझे पुढचे दात. ते मी शाळेत असतानाच तारा लावून सरळ झाले होते, सुळ्यांमागचा एकेक दात काढून जागा केली होती. पण दात ज्या हाडात बसलेत ते हाड अरुंदच राहिलं. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या थोड्या बाहेर यायला हव्यात, माझ्या आत पडायच्या. याला क्रॉसबाइट म्हणतात. तोंड मिटताना कुठेतरी दात नीट टेकावेत म्हणून मी खालचा जबडा एका बाजूला सरकवायचे, आणि हे मी करते हे मला स्वतःला माहीतही नव्हतं, तिशी उलटल्यावर एका ऑर्थोडॉन्टिस्टनी आरसा हातात देऊन दाखवलं तेव्हा दिसलं. तोवर एका बाजूच्या दाढा घासून सपाट झाल्या होत्या, हिरडी मागे सरली होती आणि कानापुढचा सांधा दुखायला लागला होता. शिवाय जीभ वर टेकायला जागा नाही आणि नाक कायम चोंदलेलं. हे सगळं हसल्यावर दिसत नाही, म्हणून तुम्हाला दात सरळ दिसतात. मला त्याचा राग नाही, पण "काही प्रॉब्लेमच नव्हता" असं म्हणू नका एवढंच.

मग लहानपणीच का नाही केलं? नाही झालं. तो विषय मी उगाळत नाही.

मोठेपणी हे अवघड का होतं ते मात्र सांगते, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना हेच माहीत नसतं. वरचा जबडा म्हणजे डावं आणि उजवं अशी दोन हाडं, आणि टाळूच्या मधोमध त्यांचा सांधा. लहान मुलांत तो सांधा बऱ्यापैकी सरळ असतो, टाळूत एक्स्पांडर, म्हणजे जबडा रुंद करणारं स्क्रूवालं उपकरण, बसवून त्याचा स्क्रू रोज थोडा फिरवला की दोन्ही हाडं बाजूला होतात आणि मधल्या फटीत नवीन हाड भरतं. ही युक्ती काही आजची नाही, १८६० साली एमर्सन अँजेल नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं एका १४ वर्षांच्या मुलीवर ती करून बघितली होती. वय वाढतं तशा त्या सांध्याच्या कडा दोन हातांची बोटं गुंतवावीत तशा एकमेकांत गुंतत जातात आणि पुढे काही जागी हाड चक्क जुळून जातं. अशा वेळी दाढांना बांधलेला साधा एक्स्पांडर फिरवला तर हाड हलत नाही, दाढा बाहेरच्या बाजूला कलतात, त्यांच्यावरचं गालाकडचं हाड पातळ होतं आणि हिरडी उतरते. म्हणजे ज्यासाठी आलो तेच बिघडतं.

म्हणून कृपा करून मला ते व्हिडिओ पाठवू नका, जीभ टाळूला दाबून धरा म्हणजे मोठ्या माणसाचाही जबडा आपोआप रुंद होतो म्हणून सांगणारे. त्याला धड पुरावा नाही. काढ-घाल करायच्या प्लेटनं प्रौढांचं हाड वाढवून देतो म्हणणारेही मला भेटले, एकानं तर फोटो दाखवले, त्यात दाढा बाहेर झुकलेल्या मला डॉक्टर नसून दिसत होत्या.

मला सुचवला गेला तो मार्पी. यात एक्स्पांडर टाळूतच, हाडात शिरवलेल्या चार मिनीस्क्रूंवर बसतो, म्हणजे जोर दातांवर न येता थेट हाडावर यावा. कोरियात आणि अमेरिकेत यावर बरंच काम झालंय आणि विशीतल्या पुष्कळ जणांचा सांधा यानं ऑपरेशनशिवाय उघडतो. वय वाढतं तसं यश कमी होतं, पुरुषांमध्ये आणखी कमी. सांधा किती जुळलाय हे स्कॅनवर बघायची एक पद्धत आहे, अँजेलिएरी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडलेली, त्यात ए ते ई अशा पायऱ्या, ए म्हणजे सांधा मोकळा, ई म्हणजे जुळलेला. माझा स्कॅन सी आणि डीच्या मध्ये कुठेतरी. डॉक्टर म्हणाले, उघडेल असं वाटतंय, खात्री देत नाही. मी फक्त पहिलं अर्धं वाक्य घरी घेऊन आले, आणि खरं सांगायचं तर कुणीही तेच केलं असतं.

स्क्रू बसवताना फार काही दुखलं नाही. बोलणं बिघडलं, ट, ड, ण, ळ या सगळ्यांना जीभ जिथे टेकायची तिथेच तो धातू, त्यामुळे फोनवर माझं नाव सांगायचं तरी मी टाळायचे. त्याची सवय झाली पण. मला सांगायचंय ते एक्स्पांडरचा स्क्रू फिरवण्याबद्दल.

एक चावी असते, तारेची. ती स्क्रूच्या भोकात घालायची आणि पुढून मागे, घशाच्या दिशेनं ढकलायची, पुढचं भोक पूर्ण दिसेपर्यंत. एक फेरा म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास. मी पलंगावर मान मागे टाकून आडवी, नवरा एका हातात टॉर्च आणि एका हातात चावी घेऊन. पहिले काही दिवस दाब नुसता टाळूत नाही तर नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या मध्ये यायचा, गालाच्या हाडांत ठणका, मग अर्ध्या तासात ओसरायचा. आम्ही दोघं रोज आरशात पुढच्या दोन दातांमध्ये फट पडलीय का बघायचो. सांधा उघडला की समोरच्या दोन दातांमध्ये फट पडते, हीच खूण. एरवी बायका फट बुजवायला डॉक्टरकडे जातात आणि मी तिची वाट बघत होते.

फट आली नाही. दोन आठवडे उलटले, चावी दिवसेंदिवस जड व्हायला लागली. एका रात्री त्यानं ढकलली आणि पुढचं भोक अर्धंच वर आलं. तिथेच अडकलं. चावी बाहेर काढावी तर निघेना, पुढे ढकलावी तर सरकेना आणि माझं तोंड उघडं, लाळ घशात. मी हातानं खूण करत होते, ढकल, ढकल. तो म्हणाला, नको, मी नाही जोर लावणार. मी चिडून त्याच्या हातातून चावी घेतली, उठून आरशासमोर गेले आणि स्वतः ढकलली. ती सरकली. भोक पूर्ण दिसलं. आणि त्याच क्षणी उजव्या दाढेत असा कळवळून दाब आला की मी बेसिनला धरून उभी राहिले. नाकाच्या मुळाशी काही नाही, मध्ये काही नाही, नुसती ती दाढ. तेव्हाच मला आतून समजलं होतं की हलतंय ते हाड नाहीये. तरी मी त्याला म्हणाले, बघ, सरकलं ना. आणि तो काहीच बोलला नाही, चावी धुवून डबीत ठेवून झोपायला गेला.

दोन दिवसांनी स्कॅन. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. मधला सांधा जसाच्या तसा. मागचे दोन मिनीस्क्रू तिरके झालेले. एक्स्पांडर आधारासाठी दाढांनाही बांधला होता, त्या दोन्ही दाढा बाहेर कललेल्या, उजवी जास्त. ते शांतपणे म्हणाले, "उघडला नाही. अजून फिरवलं तर दाढा हाडाबाहेर जातील, इथे थांबू या." मी विचारलं, स्कॅनमध्ये हे आधी दिसत नव्हतं का? ते म्हणाले, स्कॅनवरून अंदाज येतो, आणि अडवणारा एकटा मधला सांधा नसतो, गालाच्या हाडाचा खांब आणि मागे कवटीच्या तळाशी जिथे जबडा टेकतो ती जागा, हेही धरून ठेवतात. सगळं बरोबर होतं. संमतीच्या कागदावरही होतं, सांधा न उघडण्याची शक्यता, खाली माझी सही. पण मला खूप दिवस त्या माणसाचा राग येत राहिला, अजूनही मध्येच येतो, आणि त्यांनी काही चुकीचं केलं असं मी दाखवूही शकत नाही. दुखून काहीतरी मिळालं असतं तर चाललं असतं. नुसतंच दुखलं, वर दाढ कलली.

यानंतर तीन रस्ते. सगळं काढून टाकून आहे तसं जगायचं. हाड तसंच ठेवून नुसते दात सरकवून क्रॉसबाइट झाकून घ्यायचा. किंवा सार्पी, म्हणजे पूर्ण भूल देऊन वरच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी छेद, पुढच्या दोन दातांच्या मध्ये छिन्नीनं सांधा मोकळा, गरजेप्रमाणे मागूनही सोडवायचं आणि मग साधारण ५ ते ७ दिवस थांबून स्क्रू फिरवायला सुरुवात.

इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. मार्पी बसवायच्या आधी मी सगळ्यांना ठामपणे सांगत होते की स्क्रूपर्यंत ठीक, हाड कापून घेणार नाही, तिथे माझी रेघ. ती बाई आज समोर बसली तर विचारेल, मग रेघ का हलवलीस? मी म्हणेन, तेव्हा तुला क्रॉसबाइट होता, मला क्रॉसबाइट आणि कललेल्या दाढा दोन्ही होत्या. ती म्हणेल, म्हणजे पहिलं फसलं म्हणून दुसरं केलंस, ते वसूल करायला. आणि यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. थोडं तसंही असेल. पण तिला माझा एक प्रश्न आहे, की एका बाजूनं चावत आणखी तीस वर्षं काढायची होती ती कुणी काढली असती?

ऑपरेशनचं फार सांगत नाही. तोंड सुजलं, नाकातून रक्त, वरचा ओठ आणि गाल बधिर, पातळ खाणं. पण चावी फिरवायला लागलो आणि काही दिवसांत पुढच्या दातांमध्ये फट आली, रोज वाढली, आणि या वेळी दाब अगदी मध्ये होता, दाढेत नव्हता. त्या फटीवरून ऑफिसात लोक बघायचे आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. मग स्क्रू बंद करून सहा महिने नुसता जागेवर, हाड भरायला. फट हिरडीतल्या तंतूंच्या ओढीनं थोडी आपोआप मिटत येते, उरलेली ब्रेसेसनं मिटवली.

आता हिशोब विचाराल. दाढा आता बरोबर जागी टेकतात, दोन्ही बाजूंनी चावता येतं, जबडा सरकवावा लागत नाही. हे पक्कं. कानापुढचं दुखणं कमी झालंय, गेलेलं नाही. नाकाचं विचारू नका असं म्हणणार होते पण तेच सगळ्यात जास्त विचारलं जातं. आडवं झाल्यावर श्वास मोकळा येतो असं मला वाटतं. टाळू म्हणजे नाकाचा तळ, तो रुंद झाला की हवेला जागा वाढते हे मोजून दाखवलेलं आहे, पण प्रत्येकाला किती जाणवेल ते वेगळं, आणि मी त्याच काळात ॲलर्जीचा स्प्रेही सुरू केला होता, त्यामुळे श्रेय कुणाचं ते मी सांगू शकत नाही. झोपेत श्वास अडकतो म्हणून हे करायचा विचार असेल तर आधी झोपेची तपासणी करा, काहींना फरक पडतो, पण हा त्यावरचा हमखास इलाज नाही. पुढच्या दातांवरच्या हिरडीचा एक तुकडा अजून बधिर आहे. नाकपुड्या किंचित रुंद झाल्यात, माझ्या आईला दिसतात, बाकी कुणाला नाही. दिसण्यासाठी केलं म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं.

आणि ज्यांना स्वतःसाठी विचारायचंय, त्यांना "करा" किंवा "करू नका" असं मी सांगणार नाही, तुमचा सांधा मी बघितलेला नाही. पण पहिला स्क्रू बसायच्या आधी डॉक्टरांना हे विचारा की नाही उघडला तर किती फेऱ्यांनंतर तुम्ही थांबणार, आणि ते मला कसं कळणार. दुखणं नाकाच्या मुळाशी न येता एखाद्या दाढेत यायला लागलं तर चावी खाली ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा. घरात चावी फिरवणारा माणूस नको म्हणत असेल तर त्याचं ऐका.

माझी उजवी दाढ ब्रेसेसनं बरीचशी परत सरळ केलीय, पण तिच्या बाहेरच्या बाजूला हाड किती उरलंय ते पुढच्या स्कॅनमध्ये कळेल. कमी निघालं तर हिरडीचं आणखी काहीतरी करावं लागेल, आणि मग तुम्ही पुन्हा विचाराल, वर्थ होतं का. तेव्हा जे निघेल ते सांगेन, आज माझं उत्तर दाढांपुरतं हो आहे.