चारशे बारा बाटल्या : एका रसायन-भांडाराची आवराआवर

विभागाच्या रसायन-भांडाराची किल्ली माझ्या हाती आली तेव्हा तिच्यासोबत एक जाडजूड नोंदवहीही आली, आणि त्या वहीतली शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची होती. काम एका वाक्यात सांगितले गेले : उपयोगाचे अभिकारक ठेवायचे, बाकीचे नियमाप्रमाणे विल्हेवाटीला पाठवायचे. मी मनाशी दोन आठवड्यांचा हिशेब केला होता. प्रत्यक्षात सात महिने लागले, आणि त्यातले खऱ्या विल्हेवाटीचे दिवस मोजले तर दहाही भरणार नाहीत. बाकी सगळा काळ बाटलीत काय आहे आणि ते केव्हापासून आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात गेला.

पहिला धक्का मांडणीने दिला. सगळ्या बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेल्या होत्या. ग्रंथालयाला शोभेल अशी ती व्यवस्था होती, पण तिच्यामुळे ‘एस’च्या फळीवर सोडियम सायनाइड, सोडियम हायपोक्लोराइट आणि सल्फ्युरिक आम्ल हातभर अंतरात येऊन बसले होते. आम्लाची बाटली फुटून ओघळ सायनाइडपर्यंत गेला असता तर हायड्रोजन सायनाइड आणि हायपोक्लोराइटपर्यंत गेला असता तर क्लोरीन, असे दोन विषारी वायू एकाच फळीवर तयार होण्याची सोय तिथे होती. त्यामुळे मोजदाद पुढे ढकलून मी आधी गटवारी केली : आम्ले, आम्लारी, ज्वलनशील द्रावक, ऑक्सिडीकारक (दुसऱ्या पदार्थाच्या जळण्याला चालना देणारे), पाण्याशी जोरात अभिक्रिया करणारे पदार्थ आणि तीव्र विषे, प्रत्येकाची जागा वेगळी आणि प्रत्येक द्रवाखाली प्लॅस्टिकचा खोलगट ट्रे. नायट्रिक आम्ल मी सुरुवातीला अॅसेटिक आम्लाशेजारी ठेवले होते, कारण दोन्हींच्या नावात ‘आम्ल’ आहे. दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली. नायट्रिक आम्ल ऑक्सिडीकारक आहे आणि अॅसेटिक आम्ल जळणारा सेंद्रिय पदार्थ, म्हणून त्यांची फारकत करावी लागली.

मग यादी सुरू झाली. प्रत्येक बाटलीसाठी नाव, कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाला दिलेला जागतिक ओळख-क्रमांक), अंदाजे उरलेले प्रमाण, आल्याची तारीख आणि उघडल्याची तारीख असे रकाने केले. कॅस क्रमांकाने फार साथ दिली, कारण एकाच पदार्थाची तीन-तीन नावे जुन्या चिठ्ठ्यांवर असतात, पण क्रमांक एकच असतो. सुरक्षा माहितीपत्रकाचे सोळा विभाग असतात, आणि ते सगळे दरवेळी वाचणे कोणालाच जमत नाही. मी हाताळणी व साठवणीचा सातवा, स्थिरता व अभिक्रियाशीलतेचा दहावा आणि विल्हेवाटीचा तेरावा हे तीन विभाग प्रत्येक पदार्थासाठी वाचायचे असे ठरवले आणि शेवटपर्यंत पाळले. आल्याच्या तारखेचा रकाना बऱ्याच ठिकाणी कोरा राहिला. उघडल्याच्या तारखेचा तर जवळजवळ सगळाच.

या कोऱ्या रकान्याचे गांभीर्य ज्वलनशील द्रावकांच्या कपाटात कळले. मागच्या रांगेत डायएथिल ईथरची तपकिरी बाटली होती. पाऊण रिकामी, चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग गळून गेलेला, आणि झाकणाच्या कडेला साखरेच्या कणांसारखी पांढरी किनार. मी हात पुढे केला होता. मागे उभे असलेले प्रयोगशाळा परिचर म्हणाले, “मॅडम, मी इथे लागलो तेव्हापासून ही बाटली अशीच आहे.” माझा हात तिथेच थांबला. ईथरचा हवेतल्या ऑक्सिजनशी सावकाश संयोग होऊन पेरॉक्साइडे तयार होतात; बाटली जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त. द्रव उडून गेला की ती झाकणाच्या आट्यांमध्ये सांद्र होतात, आणि मग झाकण फिरवताना होणारे घर्षणसुद्धा स्फोटाला पुरते. उघडलेले ईथर सहा महिन्यांत संपवावे किंवा तपासावे, असा दंडक अनेक प्रयोगशाळांत असतो. ही बाटली किती वर्षांची आहे हे कोणालाच सांगता येईना. पेरॉक्साइड तपासायच्या पट्ट्या माझ्याकडे होत्या, पण त्या वापरायच्या तर झाकण उघडावे लागते, आणि स्फटिक दिसत असलेल्या बाटलीच्या बाबतीत नेमके तेच करायचे नसते. आम्ही कपाटाचे दार हलकेच लोटले, खोलीला कुलूप लावले, दारावर सूचना चिकटवली आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन केला. स्फोटक पदार्थ हाताळणारे प्रशिक्षित पथक नऊ दिवसांनी आले. त्या नऊ दिवसांत आमचे काम पूर्ण बंद होते, आणि काही सहकाऱ्यांना हा भित्रेपणा वाटला. मला आजही तसे वाटत नाही.

हातमोज्यांविषयी माझा समज त्याच महिन्यात दुरुस्त झाला. निळे नायट्राइल मोजे घातले की हात सुरक्षित, असे मी धरून चालले होते. क्लोरोफॉर्म एका बाटलीतून दुसरीत ओतताना चमचाभर बोटांवर सांडला, आणि बघता बघता मोज्याचे रबर फुगून सुरकुतले आणि आत गार लागू लागले. पातळ नायट्राइल क्लोरिनयुक्त द्रावकांना फार थोडा वेळ थोपवते. सांडले की मोजा ताबडतोब काढायचा आणि हात धुवायचे, एवढाच त्याचा उपयोग. अमेरिकेतील डार्टमाउथ कॉलेजातल्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्सच्या मोज्यावर 1996 च्या ऑगस्टमध्ये डायमिथिलमर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे काही थेंब पडले होते. ते संयुग मोज्यातून आरपार गेले आणि जून 1997 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. ही हकिकत मी विद्यार्थिदशेत ऐकली होती. कोणता मोजा कशासाठी, हा तक्ता भिंतीवर लावायला मात्र मला क्लोरोफॉर्म सांडावा लागला.

आता माझी सर्वांत मोठी चूक. टाकाऊ द्रवांसाठी फ्युमहूडमध्ये, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, काही बाटल्या ठेवलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर नुसते ‘वेस्ट’ लिहिले होते. तळाशी बोटभर पारदर्शक द्रव होता. मी तो पाण्यासारखा समजले आणि धातू स्वच्छ करून उरलेले नायट्रिक आम्ल, साधारण दोनशे मिलिलिटर, त्यात ओतले. काहीच झाले नाही. मी झाकण नुसते वर टेकवले, आटे फिरवले नाहीत; यात सावधगिरी काही नव्हती, दुसऱ्या हातात बीकर होता इतकेच. पंधरा-वीस मिनिटांनी खुळखुळ असा आवाज आला. पाहिले तर बाटलीतला द्रव उकळत होता आणि तोंडातून लालसर तपकिरी धूर येत होता. तळाशी अल्कोहोल होते. नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल यांची अभिक्रिया काही वेळ गप्प राहून अचानक वेग घेते, उष्णता आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे सोडते, आणि घट्ट बंद बाटली असली तर ती फुटते. मी हूडची काच खाली ओढली, खोलीतल्या सर्वांना बाहेर काढले आणि दार लावून घेतले. बाटली तासाभराने शांत झाली. हूडच्या आतल्या रंगावर तपकिरी डाग राहिले ते आहेतच.

त्या दिवसापासून टाकाऊ द्रवाची बाटली रिकामी असतानाच तिच्यावर चिठ्ठी लागते : आत काय काय जाईल त्यांची पूर्ण नावे, रेणुसूत्रे नव्हेत, पहिल्यांदा भरल्याची तारीख, आणि धोक्याची चिन्हे. क्लोरीन-ब्रोमीनयुक्त द्रावक वेगळे, बाकीचे द्रावक वेगळे, जड धातूंची द्रावणे वेगळी, नायट्रिक आम्ल तर पूर्ण एकटे. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, वर दहावा भाग तरी मोकळा ठेवायचा, कारण उष्म्याने द्रव फुगतो. वायू सुटण्याची शक्यता असेल तिथे हवा जाऊ देणारे झाकण. प्रत्येक वेळी काय, किती आणि कोणी ओतले ते शेजारी लटकवलेल्या कागदावर लिहायचे. विद्यार्थ्यांना हा कागद म्हणजे छळ वाटतो, पण त्यांच्यापैकी कोणी तो उकळणारा द्रव पाहिलेला नाही.

काही पदार्थ प्रयोगशाळेतच कमी घातक करता येतात, मात्र तशी मुभा आहे का हे आधी पाहावे लागते. आम्ही ती लेखी घेतली. काचेची भांडी धुण्यासाठी कोणे एके काळी वापरलेले क्रोमिक आम्ल सहा लिटर निघाले. त्यातला षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. आम्ल विरल करून, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) तीनच्या खाली ठेवून, त्यात सोडियम बायसल्फाइटचे द्रावण थोडे थोडे घालत गेले की केशरी रंग मळकट होत होत हिरवा होतो, म्हणजे क्रोमियम त्रिसंयुजी अवस्थेला आला. यात सुटणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा वास इतका उग्र असतो की हे काम हूडबाहेर करण्याचा विचारही कोणी करू नये. मग आम्लारी घालून सामू आठ-नऊच्या आसपास आणला की करड्या-हिरव्या रंगाचा क्रोमियम हायड्रॉक्साइड खाली बसतो. पहिल्या खेपेला माझा सोडियम हायड्रॉक्साइडवरचा हात सैल सुटला आणि छान बसलेला साका डोळ्यांदेखत पुन्हा विरघळून द्रावण हिरवेगार झाले. क्रोमियम हायड्रॉक्साइड उभयधर्मी आहे, म्हणजे आम्लात विरघळतो तसा जास्तीच्या आम्लारीतही विरघळतो, हे मी स्वतः वर्गात शिकवते. पुन्हा आम्ल, पुन्हा सामू-कागद, पुन्हा थेंब थेंब. गाळून वाळवलेला साका घातक कचरा म्हणूनच गेला, पण सहा लिटर दाहक द्रवाऐवजी एक पिशवी गेली.

सोडियम अझाइडने निराळीच चिंता लावली. बाटलीत ते थोडेच होते, पण बफर (सामू स्थिर राखणारी) द्रावणे टिकावीत म्हणून अल्प प्रमाणात ते घातले जाई आणि ती द्रावणे वर्षानुवर्षे सिंकमध्ये ओतली गेली होती. अझाइड तांब्याच्या किंवा शिशाच्या नळाशी संयोग पावून स्फोटक लवणे तयार करते, आणि कधीतरी नळ दुरुस्त करणारा माणूस पाना लावतो. मी टॉर्च घेऊन सगळ्या सिंकांखाली वाकून आले. सगळे पाइप प्लॅस्टिकचे निघाले. तरी प्लंबरच्या कामाच्या अर्जावर त्याची सूचना छापून घेतली.

पाऱ्याचे तुटके तापमापक, वाळून दगड झालेले निर्देशक, अर्धवट संपलेली लवणे यांचे फारसे सांगण्यासारखे नाही. ते वेळखाऊ होते, अवघड नव्हते. अवघड होत्या त्या सदतीस बिननावाच्या बाटल्या. घातक कचरा नेणारे वाहन ‘अज्ञात’ असे लिहिलेली बाटली स्वीकारत नाही, निदान गट तरी सांगावा लागतो. प्रत्येकीतून काही थेंब काढून सामू-कागद, पाण्यात मिसळतो का, स्टार्च-आयोडाइड कागद निळा होतो का, म्हणजे त्यात ऑक्सिडीकारक आहे का, तापवलेल्या तांब्याच्या तारेवर थेंब जाळला तर ज्योत हिरवी होते का, म्हणजे त्यात हॅलोजन आहे का, अशा साध्या चाचण्या केल्या. सायनाइड असण्याची शंका असल्याने त्यांपैकी कशातही आम्ल टाकायचे नाही, हा नियम आधीच ठरवला होता. बारा बाटल्यांचा गट असा ठरला. वीस बाटल्या जुन्या प्रबंधांच्या प्रयोगवह्या चाळून ओळखल्या. कोणाच्या तरी वळणदार अक्षरातली ‘के-4’ ही खूण एका वहीच्या चौसष्टाव्या पानावर सापडली तेव्हा झालेला आनंद मला नीट सांगता येणार नाही. पाच बाटल्या शेवटपर्यंत मूकच राहिल्या. त्यांचे पृथक्करण बाहेरून करून घ्यावे लागले.

वाहन आले त्या दिवशी दुपारपर्यंत सगळे संपले. गटवार खोकी, मध्ये वर्मिक्युलाइट हे सांडलेला द्रव शोषणारे खनिज भरलेले, प्रत्येक खोक्याची यादी तीन प्रतींत, प्रत्येक प्रतीवर सह्या. मागे राहिली ती एकच बाटली : पिक्रिक आम्लाची. ओले असताना ते सांभाळता येते, म्हणून त्यात वजनाच्या तीस टक्के तरी पाणी राखतात. वाळले तर ते स्फोटक असते आणि धातूच्या झाकणाशी झालेली त्याची लवणे त्याहून संवेदनशील असतात. आमच्या बाटलीचे झाकण धातूचे होते आणि आतली पूड कोरडी दिसत होती. ईथरसाठी आलेलेच पथक पुन्हा आले आणि त्यांनी ती वेगळ्या वाहनातून नेली. ज्या लाकडी फळीवर ती होती, तिच्यावर गर्द पिवळा गोल डाग उमटलेला होता. पथकप्रमुखांनी तो पाहिला, फळी पाण्याने चिंब भिजवायला सांगितली आणि लाकडी खिळपट्टीसकट ती हळूच उचलून सोबत घेतली. बाटल्या चारशे बारा होत्या. यादीत चारशे तेराव्या क्रमांकावर ‘फळी, लाकडी, एक’ अशी नोंद आहे, तारखेसह.