दोन वर्षं म्हणायचं नाही

आमच्या वाडीत अकरा घरं आहेत. त्यातली सहा कुलुपात. सहाही घरांच्या किल्ल्या आमच्या सासूबाईंकडे, ओटीवरच्या खुंटीला सुतळीत ओवून ठेवलेल्या. गणपतीच्या आधी आठ दिवस फोन सुरू होतात, "काकी, जरा दारं उघडून ठेवा, कोंदट वास जाऊदे." मग आई केरसुणी घेऊन सहा घरं फिरतात. शिमग्याला पालखी घरी यायची म्हणून परत एकदा. या सगळ्या घरांतली माणसं जाताना "दोन वर्षांसाठी" गेली होती. कुणी खोलीचं कर्ज फिटेपर्यंत, कुणी मुलगा दहावी होईपर्यंत. ती मुलं आता स्वतःची मुलं घेऊन मोदक खायला येतात.

त्यामुळे गेल्या दिवाळीत नवरा म्हणाला, "पुण्याला दोन वर्षं बघू, नाही जमलं तर येऊ परत," तेव्हा मी भांडी घासत होते ती थांबले. पुण्याचं मला काही वाटलं नाही. त्या दोन वर्षांचं वाटलं.

नवरा एसी-फ्रीज दुरुस्त करतो. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, जिथे जिथे पर्यटकांच्या खोल्या आहेत तिथे त्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला असतो. खाऱ्या हवेनं एसीची कॉइल खाल्ली जाते, म्हणून काम मिळतं. समुद्र हाच आमचा मोठा गिऱ्हाईक, असं तो म्हणतो. पण जून ते सप्टेंबर हातावर हात. मावसभाऊ भोसरीला आहे, त्याच्या ओळखीनं एका कंपनीत मेंटेनन्सची नोकरी होती, पगार ३६ हजार.

रात्री मुलं झोपल्यावर वही काढली. इथे त्याचे वर्षाचे सरासरी महिन्याला २५ हजार, माझे पतपेढीतले १४. एकूण ३९. तिथे ३६, कारण धाकटा दोन वर्षांचा आहे, मला लगेच काम मिळणार नाही. म्हणजे तीन हजार कमी मिळवायला आम्ही पुण्याला जाणार होतो, वर १३ हजार भाडं. तांदूळ, नारळ, कोकम विकत. मी हे मोठ्याने वाचलं तर नवरा म्हणाला, "पाच वर्षांनी तिथे पगार किती होईल ते लिही. आणि इथे किती होईल तेपण." दुसरा आकडा मी लिहिला नाही. तो बरोबर बोलत होता.

दिवाळीत चार दिवस मोशीला बहिणीकडे जाऊन आलो. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण सुरू आहे, पण ती मुंबईकरांच्या सोयीची. आम्हाला पुण्याला जायचं तर एसटी, कुंभार्ली घाट आणि कराड. मोठी साडेपाच वर्षांची आहे, तिला घाटात दोनदा ओकारी झाली. बहिणीचं घर छान आहे, चौथा मजला, लिफ्ट. मोठी सगळ्या खोल्या फिरून आली आणि विचारलं, "मावशी, मागचं दार कुठेय?" बहीण हसली. मला काही हसू आलं नाही. आमच्याकडे दिवस मागच्या दारानेच सुरू होतो. चूळ भरायची तिथे, मासे साफ करायचे तिथे, शेजारीण येते ती तिथूनच.

तरी मी पुण्याला नाही म्हणत नव्हते. त्याचं कारण मागच्या जुलैतली एक रात्र.

मोठीला ताप होता. अकराच्या सुमारास ती एकदम ताठ झाली, डोळे वर, हातपाय झटकायला लागले. शेजारच्या काकींनी कांदा फोडून नाकाला लावला, कुणीतरी चमचा दातात घालायला धावलं. आता मला माहीत आहे की तोंडात काही घालायचं नसतं, कुशीवर वळवून ठेवायचं असतं. तेव्हा माहीत नव्हतं. झटका दोनेक मिनिटांत थांबला असेल, पण ती दोन मिनिटं मी अजून मोजते. जवळच्या दवाखान्यात रात्री लहान मुलांचे डॉक्टर नव्हते. शेजाऱ्यांची इको काढली आणि चिपळूण. ४५ किलोमीटर. मुसळधार पाऊस, मार्गताम्हान्याच्या पुढे झाड आडवं. नवरा आणि शेजारी कोयती घेऊन उतरले, मी हेडलाइटच्या उजेडात तिला मांडीवर घेऊन बसले.

डॉक्टर म्हणाले, तापातली आकडी, सहा महिने ते पाच वर्षं या वयात येऊ शकते, बहुतेकदा पुढे त्रास राहत नाही. मोठीने पाच ओलांडली. पण धाकटा आत्ता दोनचा आहे, आणि वहीत या गोष्टीला रकाना नाही.

मग नवऱ्याने मधला मार्ग काढला. आधी तो एकटा जाईल, जम बसला की आम्ही. हे आईंसमोर बोलला. त्या सुपारी कातरत होत्या.

सासरे १९७१ साली मुंबईला गिरणीत लागले होते. लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी वीस-बावीस माणसं. लग्न १९७६ साली झालं. लग्नानंतर महिन्याभराने ते परत गेले, "दोन वर्षं काढ, मग खोली बघतो," असं सांगून. आईंनी सात वर्षं मनीऑर्डरवर काढली. खोली कधी झाली नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, वर्षभर वाट बघून सासरे ट्रंक घेऊन परत आले. आमच्या वाडीतून दोन वर्षांसाठी जाऊन खरोखर परत आलेला तो एकच माणूस, आणि तोही आपखुशीने नाही.

हे सगळं त्या बोलल्या नाहीत, आम्हाला माहीतच होतं. अडकित्ता खाली ठेवून एवढंच म्हणाल्या, "जायचं तर चौघं जा. नायतर जाऊ नको. आणि दोन वर्षं म्हणू नको हां गो." शेवटचं मला उद्देशून होतं. मी तर बोललेच नव्हते!

पुणं त्या रात्री मागे पडलं. कुणी तसं जाहीर केलं नाही. नवऱ्याने आठवडाभर मावसभावाचा फोन उचलला नाही, यावरून मला कळलं.

चिपळुणाचं सुचलं ते मला. लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत केमिकलच्या कंपन्यांना चिलर, म्हणजे थंड करायची मोठी यंत्रं लागतात, आणि चिलर बिघडतात. नवऱ्याला २७ हजारांवर काम मिळालं, सुट्टीच्या दिवशी इकडची जुनी गिऱ्हाइकंही सांभाळता येतील. आमच्या पतपेढीची तिथे शाखा आहे, साहेबांनी बदलीला हो म्हटलं. मुलांचे डॉक्टर दहा मिनिटांवर. शनिवारी संध्याकाळची एसटी धरली की रात्री जेवायला घरी. बहीण म्हणाली, "चिपळूण म्हणजे काय शहर? धड ना इकडचं ना तिकडचं." असेल. मला पहिल्यांदा वाटलं, घाबरट माणसं असंच करतात.

चिपळुणात घर बघायला गेलं की खोल्यांआधी तुम्हाला भिंत दाखवतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं ते. कुणी दाराच्या वर हात लावून दाखवतो, कुणी जिन्याच्या अमुक पायरीवर पाय ठेवून. रंग दिलेला असला तरी घरमालकाचा हात बरोबर त्या जागी जातो. आम्ही पाच घरं बघितली. शेवटी उंचावरचं, दुसऱ्या मजल्यावरचं घेतलं, भाडं आठ हजार. मालक म्हणाले, "इथे पाणी आलं नव्हतं, पण तीन दिवस खालीही उतरता आलं नव्हतं." हे त्यांनी आपणहून सांगितलं म्हणून मला ते घर आवडलं.

जायचं जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी. मोठी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला जाणार होती. तिला धरून चार वर्गांत मिळून नऊ मुलं झाली असती. बाईंना सांगायला गेले तेव्हा त्या बरं म्हणाल्या, चिपळुणातल्या एका शाळेचं नावही सुचवलं. निघताना मात्र हलकेच म्हणाल्या, "म्हणजे आठ." त्या शाळेचा पट कमी होण्यात आमचाही हात लागला, याला माझ्याकडे उत्तर नाही.

राहिली आगराची, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेची गोष्ट. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडएवढं आमच्याकडे झालं नाही, पण सात पोफळी मोडल्या. त्या पावसाळ्यात सासऱ्यांनी दहा रोपं लावली, पुढच्या वर्षी ते गेले. पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात. दोन झाडांना यंदा पहिली पोय, म्हणजे फुलोरा आला आहे. उन्हाळ्यात शिंपण चुकवून चालत नाही, आणि आई एकट्या किती शिंपणार.

भाड्याचा करार करून आलो त्या संध्याकाळी आईंनी विचारलं, "किती वर्षांचं केलंस?"

"वर्षांचं नाही आई. अकरा महिन्यांचा असतो करार. मग पुन्हा करायचा, नाहीतर सोडायचं."

त्यांनी बोटांची पेरं मोजली. जून, जुलै, अशी अकरापर्यंत. "म्हणजे एप्रिलमध्ये संपतो," म्हणाल्या. "शिंपणाच्या दिवसांत. बरं आहे."