डेली सिटीतले बांबू आणि सिंगकीलचा राजपुत्र

डेली सिटीत एवढं धुकं का पडतं? तिथल्या फिलिपिनो लोकांचं ठरलेलं उत्तर आहे: संध्याकाळी सगळ्या घरांत एकदमच राइस कुकर लागतात. सॅन फ्रान्सिस्कोला दक्षिणेकडून खेटून असलेल्या या गावात साधारण दर तिसरा माणूस फिलिपिनो. जॉलिबी या त्यांच्या लाडक्या हॉटेलची अमेरिकेतली पहिली शाखा निघाली तीही इथेच, १९९८ साली. मी ऑगस्टमध्ये बहिणीकडे फ्रीमाँटला होते. भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या हॉस्पिटलमधल्या एक फिलिपिनो सिस्टर लोकनृत्याच्या गटात आहेत, म्हणून आम्हाला तालीम बघायचं आमंत्रण मिळालं. ते देताना सिस्टरनी एकच अट घातली, की जेवून यायचं नाही.

तालीम चर्चच्या हॉलमध्ये होती. दाराशी बुटांचा ढीग, कारण आत सगळे अनवाणी. येणारी पोरं आधी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या आजींकडे जात, त्यांचा हात धरून स्वतःच्या कपाळाला टेकवत आणि मग गळाभेटी, फोन, दंगा. या नमस्काराला ते 'मानो' म्हणतात. मोठ्या मुलीला 'आते', मोठ्या मुलाला 'कूया'. बाकी सगळा कारभार अस्सल कॅलिफोर्नियन इंग्रजीत. निम्म्याहून अधिक पोरांनी फिलिपाइन्स पाहिलंय ते फक्त सुट्टीत, आणि काहींनी तेही नाही.

पहिला नाच अर्थातच तिनिकलिंग. फिलिपिनो नाच म्हटलं की जगाला हाच आठवतो. जमिनीवर दोन आडवे लाकडी ठोकळे, त्यांवर दोन लांब बांबू, दोन्ही टोकांना एकेक जण मांडी ठोकून. ताल तीन मात्रांचा. दोन वेळा बांबू ठोकळ्यांवर आपटायचे, तिसऱ्याला एकमेकांवर. टक, टक, खट्ट! त्या 'खट्ट'च्या आत पाय बाहेर हवेत. नाच मूळचा लेते बेटाकडचा. भातखाचरात हिंडणारा तिकलिंग पक्षी शेतकऱ्यांनी लावलेले बांबूचे सापळे चुकवत कसा उड्या मारतो, त्याची ही नक्कल. मिझोरामचा चेराव ज्यांनी पाहिलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल, पण इथे जोडीजोडीने नाचतात आणि शेवटी लय अशी चढते की बघणाऱ्याचे पाय आपोआप खुर्चीखाली ओढले जातात.

मला बसायला जागा मिळाली ती बांबूच्या टोकाशीच. बांबू जुना होता. एका बाजूला चिरला होता आणि त्या चिरेवर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा सारखा खाली बघून पाय टाकत होता. शिकवणाऱ्या बाई, वय साठीच्या आसपास, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बांबूकडे बघू नकोस, त्याचं ऐक." पुढच्याच आवर्तनात त्याच्या घोट्यावर बसला. कोणी हळहळलं नाही. सिस्टरनी पिशवीतून बर्फाची थैली काढली, पोराने दोन मिनिटं ती लावली आणि परत रांगेत. बघताना जाणवलं ते असं की टाळ्या नाचणाऱ्याला मिळतात, पण खरा मास्तर बांबू धरणारा. त्याने लय अर्ध्या श्वासाने जरी पळवली तरी चौघांचे घोटे सुजतात. म्हणूनच की काय, हॉलमधले सगळ्यात अनुभवी लोक नाचत नव्हते, खाली बसले होते.

गंमत म्हणजे तिनिकलिंग अमेरिकेतल्या कित्येक शाळांत पीटीच्या तासाला शिकवतात, बांबूऐवजी प्लॅस्टिकचे पाइप घेऊन. त्यात फारसं वावगंही नाही, कारण या नाचांचा अभ्यास सुरू केला तोच शारीरिक शिक्षणाच्या एका शिक्षिकेने. फ्रान्सिस्का रेयेस आकिनो १९२०च्या दशकात खेडोपाडी फिरल्या, नाच, खेळ, गाणी, पावलं टिपून घेतली आणि १९२६ साली युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपीन्सला त्यावर प्रबंध दिला. ज्या मॅगसेसे पुरस्काराच्या पहिल्या खेपेत आपले विनोबा होते, तोच पुरस्कार त्यांना १९६२ साली मिळाला, आणि १९७३ मध्ये नृत्यासाठीचा पहिला राष्ट्रीय कलाकाराचा किताबही. परदेशातले गट आज जे नाचतात, त्यातलं बरंचसं या बाईंच्या वह्यांतून आलेलं आहे.

राहिलेलं आलं 'बायानिहान' या नृत्यमंडळातून. मनिलाच्या फिलिपीन विमेन्स युनिव्हर्सिटीत १९५७ साली ही मंडळी उभी राहिली, १९५८च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात गाजली आणि पुढच्याच वर्षी ब्रॉडवेवर पोचली. लुक्रेसिया रेयेस उर्तुला यांनी गावचे नाच रंगमंचासाठी बसवले. तासन्‌तास चालणारे प्रकार पाच-सात मिनिटांत आणले, रांगा आखल्या, प्रवेश-प्रस्थान ठरवलं आणि प्रदेशांप्रमाणे गुच्छ बांधले. डोंगरी कोर्दिलेरातले एकीकडे, स्पॅनिश वळणाचे दुसरीकडे, दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरच्या मुसलमानांचे तिसरीकडे, भातशेतीवाले शेवटी. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांत फिलिपिनो मुलं दर वसंतात 'पिलिपिनो कल्चरल नाइट' करतात, तीन-तीन तास चालणारी, तिचा साचा आजही जवळपास हाच आहे. सुकलेल्या पिकाला पाणी घालावं तशी या मुलांना बायानिहान मिळाली, हे खरं. पण भांडणही तिथूनच सुरू होतं.

भांडण सिंगकील या नाचाचं. तालमीत तो तिसरा आला. बांबूच्या चार काठ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या, त्यांच्या फुलीतून पंखे फिरवत चालणारी राजकन्या, मागे छत्री धरलेली दासी आणि ढाल-तलवार घेतलेला राजपुत्र. चेहऱ्यावर रेषासुद्धा हलत नाही, पाय मात्र विजेसारखे. लानाव सरोवराकाठच्या मारानाव लोकांचा हा नाच. त्यांच्या 'दारांगेन' महाकाव्याशी त्याचं नातं सांगतात. ते महाकाव्य युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. मी अवाक होऊन बघत होते, तेवढ्यात शिकवणाऱ्या बाई शेजारी येऊन बसल्या.

"आवडला ना? सगळ्यांना आवडतो," त्या म्हणाल्या. "पण तो राजपुत्र रंगमंचाने आणलाय. त्यांच्याकडे हा घरंदाज बायकांचा नाच. माझ्या तरुणपणी आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही."

त्यांनी सांगितलेलं पुढचं माझ्या शब्दांत. अमेरिकेत वाढलेली पोरं आपली मुळं शोधायला येतात आणि त्यांच्या हाती पडते रंगमंचासाठी कातरलेली आवृत्ती. नाचणारे बहुतेक कॅथलिक घरांतले. ज्या मुसलमान समाजाचा हा नाच, त्यातलं हॉलमध्ये एकही नाही. त्या समाजातल्या काहींना 'राजकन्या आणि गुलाम' छापाचा हा थाट खटकतो, आणि फिलिपिनो-अमेरिकन अभ्यासकांनीही त्यावर लिहिलेलं आहे. मग करायचं काय? नाच टाकायचा? बाईंच्या गटाने मधला रस्ता काढलाय. सिंगकील करतात, पण निवेदक आधी स्वच्छ सांगतो की ही रंगमंचावरची रचना आहे, मारानावांची रीत वेगळी. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, काही गटांनी याहून कष्टाचा मार्ग धरलाय. २००८ साली सुरू झालेल्या 'परांगाल'चे लोक फिलिपाइन्सला जाऊन आदिवासी समाजांत राहतात आणि तिथल्या जाणत्यांकडून शिकून येतात. यात पैसा लागतो, रजा लागतात, आणि 'हा आमचा विधी आहे, नाच नाही, तुम्ही करू नका' असं कोणी म्हटलं तर ते ऐकायची तयारीही लागते.

मला हे ऐकताना लावणी आठवली. महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमात, पुण्यात काय नि सॅन होजेत काय, नऊवारी नेसून लावणी होते, शिट्ट्या पडतात, बक्षिसं मिळतात. तमाशाच्या फडात जिने ती आयुष्यभर केली त्या बाईचं नाव निवेदनात कधी ऐकलंय? तिची जात, तिची बिदागी, तिचं म्हातारपण? आम्ही तर निवेदनातही सांगत नाही की ही धुऊन-पुसून घेतलेली आवृत्ती आहे. भाची म्हणाली, "मावशी, इथे लोक मजेसाठी येतात गं." येतातच. मीही सिंगकील बघताना मजाच घेतली, आणि राजपुत्र काढून टाकला असता तर मला चुकल्यासारखं वाटलं असतं, हेही लिहून ठेवते.

जेवणात पानसित म्हणजे नूडल्स, लुम्पिया म्हणजे तळलेले रोल आणि ऊबे या जांभळ्या कंदाचा केक. मी शाकाहारी म्हटल्यावर आजींनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं ते विसरणार नाही. माझ्यासाठी केळ्याचे तुरोन आले, गुळमट पाकातले, कुरकुरीत. चार खाल्ले.

शनिवारी आम्ही बार्ट या लोकल रेल्वेने पॉवेल स्टेशनला उतरलो आणि 'पिस्ताहान'ची मिरवणूक गाठली. १९९४ पासून दर ऑगस्टात ही जत्रा भरते. मार्केट स्ट्रीटवरून ढोल, बँड, फुलपाखरासारख्या बाह्यांचे झगे, अननसाच्या धाग्याचे झिरझिरीत बारोंग सदरे घातलेले काका लोक, आणि मग येरबा ब्वेना गार्डन्सच्या हिरवळीवर दोन दिवस नाचगाणी. हा भाग म्हणजे सोमा, मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेचा. इथल्या गल्ल्यांना लापु-लापु, रिसाल, माबिनी, बोनिफासिओ, तान्दांग सोरा अशी फिलिपिनो वीरांची नावं आहेत, आणि शहराने २०१६ मध्ये हा परिसर फिलिपिनो वारसा विभाग म्हणून मान्य केला. मान्यता अशीच मिळालेली नाही. जवळच कर्नी स्ट्रीटवर मनिलाटाउन ही फिलिपिनो वस्ती होती. शेतमजुरी आणि हॉटेलांतल्या नोकऱ्यांत आयुष्य घालवलेले एकटे म्हातारे तिथल्या इंटरनॅशनल हॉटेलात राहायचे. ४ ऑगस्ट १९७७च्या पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. हजारो लोक साखळी करून उभे होते, तरीही. त्याच जागी नवी इमारत उभी राहायला २००५ साल उजाडलं.

हिरवळीवर मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती कुलिनतांग या वाद्यापाशी. लाकडी चौकटीत दोऱ्यांवर ओळीने मांडलेले आठ छोटे गाँग, मधोमध गाठ आलेले. दोन हातांत दोन मऊ काठ्या. शेजारी मोठे टांगलेले गाँग धीम्या लयीत. मिंदानावच्या मागिंदानाव परंपरेतले दानोंगन कालांदुयान हे इथे अनेक वर्षं कुलिनतांग शिकवत राहिले. १९९५ साली अमेरिकन सरकारने त्यांना लोककलांचा राष्ट्रीय सन्मान दिला. बे एरियात आज हे वाद्य वाजवणाऱ्या कित्येकांची तालीम त्यांच्यापर्यंत जाऊन पोचते. सिंगकीलच्या बाबतीत जे झालं नाही ते इथे झालं: ज्या समाजाचं वाद्य, त्यातलाच गुरू समोर बसलेला.

त्यानंतर पांदांगो सा इलाव, दिव्यांचा नाच. डोक्यावर एक दिवा, दोन्ही हातांच्या पंजांवर एकेक. मूळ तेलाचे दिवे. इथे काचेच्या पेल्यात बॅटरीचे, कारण जागावाले आगीच्या नियमावर बोट ठेवतात. पेला मात्र खरा, आणि कोणी पाडला तर फुटतो. एका बाईंनी हात खांद्यावरून मागे नेऊन परत पुढे आणताना मी अक्षरशः श्वास धरला होता. दिवा विजेचा असला म्हणून तोल काही बॅटरीवर चालत नाही.

कोणाला जायचं असेल तर: साधारण ऑगस्टचा दुसरा शनिवार-रविवार, प्रवेश फुकट, मिरवणूक शनिवारी. सॅन फ्रान्सिस्कोचा ऑगस्ट म्हणजे उन्हाळा या भ्रमात राहू नका, स्वेटर हवाच. पाणी आणि रोख डॉलर जवळ ठेवा, तुरोनसमोर रांग मोठी असते. तिथे बालुत खाण्याची स्पर्धाही असते. बालुत म्हणजे आत पिलू घडत आलेलं बदकाचं उकडलेलं अंडं. भाचीचा नवरा, जो कोल्हापूरचा आहे आणि खाण्याच्या बाबतीत कोणाला ऐकत नाही, तो नाव द्यायला निघाला होता. पहिलं अंडं सोललेलं बघितलं आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी."