पिया सुंधागे आणि आपलं काळ्या मातीचं मैदान

रिओ ऑलिंपिक, २०१६. गटातल्या सामन्यात ब्राझीलनं स्वीडनच्या महिला फुटबॉल संघाला ५-१ असं धुतलं. दहा दिवसांनी उपांत्य फेरीत पुन्हा तीच गाठ पडली आणि या खेपेला १२० मिनिटं झाली तरी ब्राझीलला एक गोल होईना. पेनल्टींवर स्वीडन ४-३ नं जिंकलं. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेचाही पेनल्टींवरच निकाल लागला होता.

या स्वीडन संघाची प्रशिक्षक पिया सुंधागे. खेळायची ती आघाडीला. १९७५ ते १९९६ मध्ये देशासाठी १४६ सामने, ७१ गोल. १९८४ च्या पहिल्या महिला युरो स्पर्धेत इंग्लंडविरुद्धची निर्णायक पेनल्टीही तिचीच. प्रशिक्षक म्हणून अमेरिकेला २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं. जिचा जन्म गोल करण्यात गेला, तिनं रिओत मुलींना मागं ओढलं आणि चेंडू खुशाल समोरच्यांच्या पायात राहू दिला. हरलेली अमेरिकेची गोलरक्षक ‘भेकड’ म्हणाली. म्हणू दे! हाताशी असलेल्या अकराजणींना जे जमेल तेच तिनं खेळवलं.

आपल्याकडं नांदेड, परभणी, लातूरला विद्यापीठ गाजवलेला खेळाडू मुलींची टीम हाती घेतो तेव्हा नेमकं इथंच चुकतं. तो स्वतःचाच खेळ शिकवायला बसतो. वीस यार्डांवरून फटका मारून दाखवतो आणि मुली बघत राहतात. टेकवलेला पाय चेंडूच्या शेजारी कुठं पडला, घोटा घट्ट होता का, हे त्याला सांगता येत नाही, कारण त्याचा पाय ते कधीच सवयीनं करायला लागलेला असतो. आधी चालत, मग हळू पळत, तोच फटका सुटा करून दाखवा.

दुसरी खोड रांगेची. अठरा मुली, एक चेंडू, एक गोल. प्रत्येकीला वीस सेकंद धरले तर पुन्हा नंबर लागायला सहा मिनिटं. अर्ध्या तासात पाच फटके, बाकी वेळ ओढणी सावरत गप्पा. त्यापेक्षा २५ बाय २० मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध चार लावा. असे दोन चौकोन केले की सोळाजणी खेळात, दोघी गोलरक्षणाच्या सरावाला.

आता गुडघा. यात हयगय नको. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध (एसीएल, हाडाला हाड बांधणारा) तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दुपटीहून जास्त असतो. उडी मारून उतरताना किंवा झटकन वळताना गुडघा आत झुकतो आणि बंध तुटतो, बहुतेकदा कुणी धक्का न देताच. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात. लांब स्टडचा (तळाच्या खुंटांचा) बूट त्यात अडकला की पाय तिथंच राहतो आणि अंग फिरतं. म्हणून कडक मैदानावर आखूड, दाट रबरी स्टड. भेगा असतील तर सरावाआधी माती लोटून बुजवा; तेवढी मजुरी मुलींनीच केली तरी चालेल.

गुडघ्यासाठी ‘फिफा ११ प्लस’ हा वॉर्मअप फुकट मिळतो. तीन भाग, पंधरा व्यायाम, वीस मिनिटं: आठ मिनिटं पळणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात. आठवड्यातून किमान दोनदा. बरेच जण पळण्याचा भाग उरकतात आणि मधली दहा मिनिटं गाळतात. खरं काम तिथंच असतं. मुलगी उडी मारून उतरताना समोरून मोबाइलवर स्लो मोशन घ्या. गुडघा पावलाच्या रेषेत आहे की आत चाललाय, ते तिचं तिलाच दिसतं.

चेंडू बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा, पुढं पाच. नियमात हवेचा दाब ०.६ ते १.१ बार आहे. कडक मैदानावर खालच्या आकड्याजवळ ठेवा, नाहीतर प्रत्येक पास गुडघ्याएवढा उसळतो आणि मुलीला वाटतं की आपल्यालाच चेंडू थांबवता येत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातपर्यंत मैदान रिकामं झालं पाहिजे.

एखादी मुलगी पंधराव्या मिनिटालाच धापा टाकत असेल तर आळशी म्हणून जादा फेऱ्या लावू नका. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर फेऱ्यांनी दम वाढत नाही, मुलगी फक्त थकते. सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, गोळ्या डॉक्टर देतील. घरी सांगायचं ते इतकंच: भाकरी-भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा नको. दुसरी गोष्ट पटवायला जास्त दिवस लागतात.