सुकाऊची नाकाडी माकडं

बोर्निओ बेटावरच्या संदाकान शहरातून सुकाऊला गाडीने दोन-अडीच तास लागतात आणि त्यातला बराचसा वेळ खिडकीबाहेर फक्त पाम, पाम आणि पाम. आईचं दोनदा विचारून झालं, "अगं, जंगल कधी येणार?" बोर्निओ म्हणजे घनदाट रान असं डोक्यात घेऊन आलेल्या आम्ही, आणि इथे आपल्याकडे ऊस असतो तसा रांगेत लावलेला, तेलासाठीचा पाम!

सुकाऊ हे किनाबातांगन नदीकाठचं छोटंसं गाव. नदी 560 किलोमीटर लांब, मलेशियाच्या सबाह राज्यातली सगळ्यात मोठी, पाणी दूध जास्त झालेल्या चहासारखं. दुपारी चारला पहिली बोट. लाइफ जॅकेटच्या बकलात आईची ओढणी अडकली, ती सोडवण्यातच दहा मिनिटं गेली.

मेनंगुल नावाच्या छोट्या उपनदीत वळल्यावर गाईडने मोठं इंजिन बंद करून बॅटरीवरची मोटर लावली आणि एकदम शांत झालं, मग वर फांद्यांत धपाधप उड्या आणि ती प्रोबोसिस माकडं. नराचं नाक वांग्यासारखं लोंबतं, पोट सुटलेलं. "अगदी आपल्या सोसायटीचे चेअरमन," आई म्हणाली. मी गाईडला सांगितलं तर तो हसून म्हणाला, मलय लोक ह्याला 'ओरांग बेलांडा' म्हणजे डच माणूस म्हणतात 😄 पोट मोठं का, तर खाणं पानं आणि कच्ची फळं, ती आत आंबवून पचवायची. पिकलेलं गोड फळ त्यांना बाधतं म्हणे. झोपायला रोज संध्याकाळी पाण्याकाठच्या झाडांवरच येतात, तिथे शिकारी प्राण्यांची भीती कमी, म्हणून तर बोट चारची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला धुकं, एक मगर, धनेशची जोडी. हत्ती नाही दिसले, फक्त ताजी लीद.

एवढे प्राणी दोन तासांत कसे दिसतात असं मी कौतुकाने विचारलं तर गाईडने काठावरच्या झाडांच्या मागे हात केला. ह्या पट्ट्यामागे लगेच पामच. 2005 मध्ये नदीकाठचं सुमारे 26 हजार हेक्टर जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झालं, पण ते तुकड्या-तुकड्यांत, मधेमधे मळे. जायला दुसरी जागाच नाही, म्हणून सगळे नदीवर आलेत आणि आम्ही कॅमेरे घेऊन खूश.

रूमवर आल्यावर आईने पुण्याहून आणलेला चिवडा काढला. सहज पाकिटाच्या मागचं वाचलं, पामोलिन तेल. मी आईला दाखवलं, तिने चष्मा लावून स्वतः वाचलं आणि काही न बोलता पाकीट दुमडून पिशवीत ठेवलं. रात्री जेवायला आमच्यासाठी भात आणि ऑम्लेट एवढंच होतं, तेव्हा परत काढलं.