वहिनीच्या क्लासमधला स्क्विड, नोंद ७: लॉगमधलं प्रश्नचिन्ह

सापडलं एकदाचं! वहिनीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी स्क्विड बसवलाय. हा प्रॉक्सी, म्हणजे मशीन आणि इंटरनेटच्या मधला प्रोग्राम; एकदा आणलेली फाइल तो आपल्या साठ्यात (कॅशमध्ये) ठेवतो आणि पुढच्याला तिथूनच देतो. तीन पॅच ट्यूज्डे (मायक्रोसॉफ्टचे अपडेट सुटतात तो महिन्याचा दुसरा मंगळवार) हातचे गेले, पण ते सगळे मिस, म्हणजे फाइल साठ्यात न सापडणं, कुठून येत होते ते कळलं.

मागच्या नोंदीत मी रेंजचं, म्हणजे फाइलचे तुकडे मागण्याचं, प्रकरण मिटलं म्हणून जाहीर केलं होतं. विंडोज अपडेटची फाइल मशीनं तुकड्यातुकड्यांनी मागतात आणि असे तुकडे (एचटीटीपीच्या भाषेत २०६ क्रमांकाचं उत्तर) स्क्विड साठवत नाही. म्हणून स्क्विडच्या सेटिंगमध्ये रेंज ऑफसेट लिमिट काढून टाकलं (तुकडा मागितला तरी अख्खी फाइल आणायची), क्विक अ‍ॅबॉर्ट मिन उणे १ केलं (मागणाऱ्याने मध्येच सोडलं तरी डाउनलोड पुरं करायचं) आणि साठवायच्या एका फाइलची मर्यादा डिफॉल्टच्या ४ एमबीवरून ६ जीबीवर नेली. बुधवारी सकाळी वहिनीचा फोन आला, "भावोजी, बाराही मशीन चालू केली आणि नेट बसलं." प्रॉक्सी नसता तर कमी डेटा गेला असता, अशी गत.

स्क्विडचा लॉग (कोणी काय मागितलं त्याची नोंदवही) उघडला तर एकाच फाइलच्या ओळीमागून ओळी, अक्षर न् अक्षर सारख्या, आणि सगळ्यांपुढे टीसीपी मिस. आधी हार्डडिस्कवर संशय घेतला. मग कॅश पुसून स्क्विड -झेडने नव्याने बांधली. मग हेडर तपासत दोन रात्री घालवल्या. तिसऱ्या रात्री नजर ओळीच्या टोकाला गेली. प्रत्येक पत्ता प्रश्नचिन्हावर संपत होता आणि पुढे काहीच नव्हतं.

स्क्विड लॉग लिहिताना प्रश्नचिन्हापुढचा भाग मुळातच कापतो. वापरणाऱ्यांच्या खासगीपणासाठी ते योग्यच आहे, पण मला नेमकं तेच बघायचं होतं. स्ट्रिप क्वेरी टर्म्स ऑफ केलं आणि शेपूट दिसलं: पी१, पी२, पी३, पी४. त्यातला पी४ म्हणजे लांबलचक टोकन, दर मशीनला वेगळं. फाइल तीच, पण पत्ता वेगळा, म्हणून स्क्विडच्या लेखी ती नवीच वस्तू. त्यात माझी रेंजची सेटिंग अशी, की मशीनने चार तुकडे मागितले तरी अख्खी फाइल खाली ओढायची आणि मशीनने मध्येच सोडलं तरी थांबायचं नाही. म्हणजे तोच माल बारा वेळा!

यावर उपाय स्टोअर आयडी, म्हणजे वेगवेगळ्या पत्त्यांना साठ्यात एकच ओळख देण्याची, स्क्विड ३.४ पासून आलेली सोय. पायथॉनमध्ये छोटा हेल्पर (स्क्विडला मदत करणारा प्रोग्राम) लिहिला: शेपूट छाटायचं, उरलेला पत्ता स्क्विडला ओळख म्हणून द्यायचा. पहिल्यांदा सगळंच ठप्प झालं, कारण उत्तर बफरमध्येच अडकत होतं. प्रिंटमध्ये फ्लश (उत्तर लगेच बाहेर ढकलायची सूचना) घातलं आणि गाडी सुटली. मग दोन मशीनवर चाचणी घेतली. पहिल्याला मिस. दुसऱ्याला टीसीपी हिट (साठ्यातूनच मिळालं), २०६, ओळीमागून ओळ! राउटरचा इंटरनेटचा दिवा शांत आणि जुन्या हार्डडिस्कची करकर चालू. तो आवाज ऐकत मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

एसएसएल बंप, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली वाहतूक प्रॉक्सीने मध्येच उघडणं, का करत नाही असं विचारणाऱ्यांना उत्तर तेच: करणार नाही. त्या मशीनवर मुलं परीक्षेचे फॉर्म भरतात, पैसे भरतात. त्यांचं एन्क्रिप्शन मी मध्येच उघडणार नाही. अपडेटच्या फाइली साध्या एचटीटीपीवरून येतात आणि विंडोज त्यांची डिजिटल सही तपासूनच घेतं, तेवढ्यावर माझं भागतं. उबुंटूच्या दोन मशीनसाठी मात्र अ‍ॅप्ट-कॅशर-एनजीच, म्हणजे लिनक्सची पॅकेजं साठवणारा वेगळा प्रॉक्सी. ३१४२ पोर्टवर बसवलं, परत हात लावावा लागला नाही.

आता १ टीबीची डिस्क घ्यायची म्हणत होतो, पण हे लिहितानाच दुसरं सुचलं. पॅच आपल्याकडे त्या दुसऱ्या मंगळवारी रात्री साडेदहा-साडेअकराला सुटतात. वहिनीने त्या रात्री एकच मशीन चालू ठेवलं तर सकाळपर्यंत कॅश भरलेली असेल आणि उरलेली अकरा तिथूनच घेतील. डिस्क राहू दे. आधी वेक-ऑन-लॅन (बंद मशीन नेटवर्कवरून चालू करायची सोय) जमवतो, म्हणजे वहिनीला रात्री थांबायला नको.