नॅशनल पार्कवाले, पुढे या

बोरिवलीत राहणाऱ्याला नॅशनल पार्क हे जंगल आहे याची फारशी आठवण नसते. ते बसस्टॉपचं नाव आहे. ‘नॅशनल पार्कवाले, पुढे या’ असं कंडक्टर ओरडतो आणि भाजीच्या पिशव्या सांभाळत चार माणसं पुढे सरकतात. हायवे कुठपर्यंत तुंबलाय हे फोनवर कळवायलाही तेच नाव कामी येतं. आत बिबटे आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. पण शेजारच्या विंगमध्ये कोणी निवृत्त न्यायाधीश राहतात हे ठाऊक असावं, तितपतच.

त्यामुळे दिवाळीनंतर ताई, भाऊजी आणि भाचा नागपूरहून आले आणि ‘शनिवार-रविवार कुठेतरी डोंगरात जाऊ’ अशी टूम निघाली, तेव्हा आधी माथेरान झालं, मग लोणावळा, मग दोन्हीकडचे खोल्यांचे भाव. शेवटी आईच म्हणाली, “अरे, समोर नॅशनल पार्क आहे की! कान्हेरी कुठे पाहिलीय यांनी?” केळवणाला बोलावून साधा वरणभात वाढावा, तसा भाऊजींचा चेहरा झाला.

त्यांचं तरी काय चुकलं? महाराष्ट्रातल्या सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी चार विदर्भात. हा हिशेब भाच्याने गेटवरच ऐकवला.

“मामा, इथे वाघ किती?”

“आहेत की. सफारीत. कुंपणाच्या आत.”

“म्हणजे झूच ना!”

“पण बिबटे मोकळे आहेत,” माझ्या लेकीने मुंबईची बाजू सावरली.

“बिबट्या काय, तो तर कुठंही राहते बे.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. गोष्ट खरीच आहे. रात्री सोसायटीच्या मागच्या भिंतीवरून जाणाऱ्याला तिकीट कोण विचारणार?

गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत. बसने गेलो. दोन वळणांत हायवेचा आवाज गेला, तेव्हा भाऊजींनी पहिल्यांदा खिडकीबाहेर नीट पाहिलं. शंभरावर लेणी आहेत, दोन हजार वर्षांमागे खोदायला सुरुवात झाली, असं मी गाइडच्या थाटात सुरू केलं, पण ताईचं लक्ष पायऱ्यांवर आणि आईच्या गुडघ्यांवर. तीन नंबरच्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात मात्र सगळे आपसूक गप्प झाले. दोन्ही बाजूंना बुद्धाच्या उंच मूर्ती. मान वर केल्याशिवाय चेहरा दिसत नाही. इथल्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांचे उल्लेख आहेत, असं सांगितल्यावर भाऊजी खुलले. “म्हणजे देणगीदारही लोकलवालेच!”

बाहेर येऊन डबा उघडला. ताईने नागपूरच्या पद्धतीने, भरपूर सांबार घालून सांबारवड्या केल्या होत्या. (आपल्याकडे सांबार म्हणजे इडलीबरोबरचं, त्यांच्याकडे कोथिंबीर. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी यावर दोन्ही घरांत एकदा तरी हसणं होतंच.) माझी दुसरी वडी तोंडात होती तेवढ्यात एक माकड आलं. घाई नाही, दांडगाई नाही. डब्याचं झाकण बाजूला केलं, मागे बसलेल्या पिल्लाकडे एकदा पाहिलं आणि डबा उचलून चालू लागलं. ताई ओरडली ती वड्यांसाठी नाही, डब्यासाठी. स्टीलचा, रुखवतातला होता. डबा नंतर खालच्या कातळावर सापडला. चाटूनपुसून स्वच्छ.

या गडबडीत भाचा गायब. शोधायला गेलो तर साहेब वरच्या एका लेण्यापाशी पालथे पडलेले. खडकात पंजाभर रुंदीची पन्हळ कोरलेली होती. त्याने बाटलीतलं पाणी तिच्यात ओतलं होतं आणि ते कुठे जातं हे तो पाहत होता. पाणी थोडं सरकलं, वळणावर सुक्या पानाशी अडलं. त्याने बोटाने पान काढलं. पुन्हा निघालं आणि शेवाळाने पिऊन टाकलं.

“पप्पा, तुमची बाटली द्या!”

“प्यायचं पाणी आहे ते,” आई खालून म्हणाली, तोवर भाऊजींनी बाटली दिलेलीसुद्धा. या खेपेला धार वळली, कडेने घसरली आणि अंगणालगतच्या टाक्यात टपटपली. या टाक्यांना पोढी म्हणतात. पावसाचं पाणी डोंगरउतारावरून असंच पन्हळींतून पोढ्यांत आणायचं आणि वर्षभर पुरवायचं. कोणी लेणं दान दिलं, कोणी नुसती पोढी, आणि तेही दगडात लिहून ठेवलंय. भाचा काठावर वाकून हिरवट पाण्याकडे पाहत राहिला. वाघाचं नाव पुन्हा निघालं नाही.

“आता या डोंगरावरचं पाणी कुठं जाते?”

विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव याच जंगलात आहेत. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा. अजूनही त्यांचं पाणी मुंबईच्या नळाला येतं. मी एवढं सांगितल्यावर त्याने रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. “म्हणजे हे तुमच्या घरचंच होतं?”

“असेलही. आमच्याकडे सात तलावांचं येतं.”

परतताना बसमध्ये तो झोपला. संध्याकाळी भाऊजींनी नागपूरच्या ग्रुपवर टाकायला फोटो निवडले. बुद्धाचा एक, डबा नेणाऱ्या माकडाचे नऊ.

पुढे जुलैत, धो धो पावसात एका सकाळी त्याचा फोन आला. एरवी ताई बळजबरीने फोन हातात देते तेव्हा ‘हं, बरा आहे’च्या पुढे न जाणारा मुलगा.

“मामा, तुळशी भरला का?”

मी पेपर उघडायला उठलो.